तीन नंबरच्या गाडीची ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा ही एक गोष्ट वगळूनच मी बोलत आले — जणू त्याला ती ठाऊक नसेल! आज दुपारी घरात कुणी नाही. वराळ्याच्या आमच्या सोसायटीत या वेळेला पाण्याच्या टँकरखेरीज कसला आवाज नसतो. तरी मी दाराला आतून कडी लावून बसले आहे. कुणाला भिते आहे मी? तुम्हाला? तुम्ही तर मला ओळखतही नाही. बहुधा म्हणूनच तुम्हाला सांगते आहे.

सांगते म्हटलं खरं, पण सुरुवात कुठून करू? आधी माझं काम सांगते. तेवढं सोपं आहे.

कामशेतजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात मी नोकरी करते. पगारपत्रकावर ‘प्रशासन’ लिहिलंय, पण माझं खरं काम मुदती सांभाळायचं. शाळेतलं निम्मं काम आता वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या सेवांवर चालतं. शाळेचे ईमेल, फीचं सॉफ्टवेअर, पालकांना जाणारे मेसेज, कॅमेऱ्यांची साठवण, बसगाड्यांचे जीपीएस — प्रत्येकाची मुदत वेगळी, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मुदत संपायच्या आधी ती वाढवून घ्यायची. गॅस संपायच्या आधी नंबर लावायचा, तसंच. वेळेवर झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि राहिलं तर शाळाभर बोंब होते. माझ्याकडून एकच राहिलं. आणि बोंब झाली ती दुसऱ्याच्या नावाने.

थांबा, पुढे पळते आहे मी.

या सगळ्याची तेव्हा एक शीट असायची. एका सेवेला एक ओळ. मुदत जवळ आली की ओळ लाल, वाढवून झाली की हिरवी. दर गुरुवारी लोणावळ्याहून संस्थेचे तेव्हाचे सचिव यायचे आणि मोठ्या पडद्यावर ती शीट बघायचे. बघायचे म्हणजे काय — वाचत काहीच नसत, रंग बघत. लाल दिसलं की चष्मा काढून माझ्याकडे पाहायचे. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मग मी एक युक्ती काढली. ओळ आधी हिरवी करायची, काम मागाहून करायचं. एक-दोन दिवसांचा तर प्रश्न! कितीतरी वर्षं ते बिनबोभाट चाललं. तुम्ही म्हणाल, एवढ्यात काय मोठं पाप? मीही तेच म्हणायचे.

आता गाडेकाका. ते आमचे जुने हेडक्लार्क. निवृत्त होऊन वडगावला मुलाकडे राहायला गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण शाळेच्या साऱ्या सेवा अजून त्यांच्याच मोबाइल नंबरावर होत्या. कारण पहिल्यांदा घेतल्या तेव्हा ऑफिसात स्मार्टफोन त्यांचा एकट्याचाच होता. नंबर बदलायचा तर अर्ज, ठराव, लेटरहेड, सही — कोण करतो? त्यामुळे कुठलीही मुदत वाढवायची की काकांना फोन लावायचा, कारण ओटीपी त्यांच्याकडे जायचा. आणि काका ओटीपी असा लगेच देत नसत. आधी माझ्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी, मग शिपाईमामांच्या मुलीच्या लग्नाची, मग इंद्रायणी तांदळाचा भाव. मग चष्मा शोधायचा. मग दोन-दोन आकडे, सावकाश, मधे खोकला. वीस मिनिटं कुठे गेली नाहीत! ऑफिसात आम्ही त्याला ‘काकांची आरती’ म्हणायचो. आरती झाल्याशिवाय प्रसाद नाही.

ती वीस मिनिटं मला नको होती. बस, एवढंच कारण आहे. दुसरं मोठं काही कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी बाराला, तीन नंबरच्या बसच्या जीपीएसची मुदत संपत होती. बाकीच्या दोन गाड्यांची यंत्रं आधी बसवलेली, त्यांची मुदत वेगळी. तीन नंबरची गाडी नाणे मावळाच्या बाजूला जायची — वडिवळे आणि त्याच्या पलीकडच्या वाड्या. तिकडे मोबाइलची रेंज बेभरवशाची, म्हणून मुद्दाम त्या यंत्रात तिथे चालणारं वेगळ्या कंपनीचं सिम घातलेलं. सोमवारी मी ओळ हिरवी केली आणि काकांना फोन लावला. ते डोळ्यात औषध घालून पडले होते. म्हणाले, तासाभराने कर. मी हो म्हटलं. आणि फोन ठेवताना — आठवतंय मला अगदी — सुटल्यासारखं वाटलं. तासाभराने मी फोन केला नाही. मंगळवारी विसरले. बुधवारीही.

गुरुवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. सचिव आले, शीट पाहिली, सगळं हिरवंगार. ‘छान’ म्हणाले. वर्षभरात त्यांच्या तोंडून ऐकलेला पहिला चांगला शब्द. पाऊस थांबेना म्हणून एक वाजता शाळा सोडली. सचिव आणखी भिजायला नको म्हणून ऑफिसातच थांबले.

तीन नंबरची गाडी दत्तूभाऊ चालवायचे. वडिवळ्याचेच, घरची थोडी भातशेती. पन्नाशीचा माणूस, गाडीत पोरांना आवाज न चढवता गप्प बसवणारा. मला ‘ताई’ म्हणायचे, मी त्यांना ‘भाऊ’. त्या दिवशी गाडीत पलीकडच्या वाड्यांवरची अकरा मुलं होती.

सव्वादोनला पहिला फोन आला. गाडी आली नाही. मग दुसरा, तिसरा. दत्तूभाऊंचा फोन लागेना. त्यांच्या सिमच्या कंपनीचा त्या पट्ट्यातला टॉवरच बंद पडला होता, हे नंतर कळलं. वडिवळ्याच्या अलीकडे एक ओढा आहे, पलीकडे एक. दोन्हींना पाणी आल्याची बातमी कुणीतरी दिली. पालकांच्या मोबाइलवर गाडीचा ठिपका शाळेच्या फाटकाशीच अडकलेला, दुपारी बाराच्या वेळचा. त्याच्यापुढे काही नाही. मी माझ्या लॅपटॉपवर आतलं पान उघडलं. पालकांना न दिसणारं, फक्त माझ्या पासवर्डने उघडणारं पान. तिथे लाल पट्टी होती. मुदत संपली, सेवा बंद.

माझी पाचावर धारण बसली. सचिव माझ्या टेबलापासून चार पावलांवर उभे होते. वाहतूक बघणारे सर फोनवर ओरडत होते. कामशेतला कामाला येणारी एक आई दारात येऊन भिंतीला टेकून खाली बसली होती, तिची दोन्ही मुलं त्या गाडीत होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. ‘मुदत संपलीय, माझ्याकडून राहिलं’ — एवढेच चार शब्द. सचिवांनी जीपीएसच्या कंपनीच्या मालकाला फोन लावला असता, त्याने पाच मिनिटांत यंत्र चालू करून दिलं असतं. ओटीपी नको, काही नको. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे. तेव्हाच ठाऊक होतं.

मी लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

‘काय दिसतंय मॅडम?’ असं सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘नेटवर्क नसेल सर, बघते.’ आणि रेकॉर्डच्या खोलीत जाऊन गाडेकाकांना फोन लावायला लागले. काका दुपारी झोपतात, फोन आवाज बंद करून. मी लावत राहिले. एकोणीस वेळा लावला. ती संख्या मला पाठ आहे, कारण नंतर कितीतरी दिवस मी ती यादी उघडून बघायचे. बाहेर गलका वाढत होता, आणि मी त्या कुबट खोलीत जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यांमध्ये उभी. अकरा मुलांचं काय झालं असेल याची भीती होती मला. होती, खोटं नाही सांगत. पण तिच्यावर दुसरी भीती चढून बसली होती. सकाळची हिरवी शीट खोटी होती हे उघडं पडायची. दोन्ही भीती एकाच छातीत होत्या, आणि मोठी कुठली होती ते तुम्हीच बघा — मी खोलीत होते, बाहेर नव्हते.

चारच्या सुमाराला काका उठले. मी आरती होऊच दिली नाही. ‘काका, ओटीपी येईल, लगेच सांगा, ईमेलचा आहे.’ माझा आवाज ऐकून त्यांनी लगेच चष्मा लावला. आकडे वाचले. मग म्हणाले, ‘अगं, यात तर गाडीचं लिहिलंय.’

‘सगळं एकत्रच असतं काका,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

चार वाजून अकरा मिनिटांनी पैसे भरल्याची पावती माझ्या ईमेलवर आली. दहा मिनिटांनी ठिपका उमटला. वडिवळ्यात, वरच्या आळीला, स्थिर. मी बाहेर येऊन ओरडले, ‘दिसली! गाडी दिसली!’ शाळेतल्या बायका माझ्या गळ्यात पडल्या. सचिव म्हणाले, ‘मॅडमनी लावून धरलं.’ दारातली ती आई माझे हात धरून रडत होती. मीही रडले. तिला काय वाटलं असेल?

दत्तूभाऊंनी काय केलं होतं ते संध्याकाळी कळलं. अलीकडचा ओढा ओलांडून ते पुढे गेले, पलीकडच्या ओढ्याला पाणी बघून थांबले, गाडी घातली नाही. मागे वळले तोवर अलीकडचाही भरला होता. मग गाडी उंचावर लावून अकराच्या अकरा मुलांना ते आपल्या घरी घेऊन गेले. वहिनींनी चूल पेटवून मुलांचे कपडे वाळवले, गरम भात आणि पिठलं वाढलं. मुलं तिथे गाण्याच्या भेंड्या खेळत होती. पाणी ओसरल्यावर भाऊंनी एकेकाला घरी पोचवलं. कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

पण एका मुलीचे वडील आंबीच्या कारखान्यात कामाला होते. गाडी सापडत नाही हे ऐकून ते शिफ्ट सोडून मोटरसायकलवर निघाले आणि साडेतीनला त्यांनी अलीकडच्या ओढ्यात गाडी घातली. पाण्याने त्यांना फेकलं. लोकांनी ओढून काढलं म्हणून वाचले, पण मांडीचं हाड मोडलं. चार महिने घरी होते. साडेतीनला. मी अडीचला तोंड उघडलं असतं तर ते ओढ्याच्या काठावर, मुलगी सुखरूप आहे हे मोबाइलवर बघत, पाणी उतरायची वाट बघत बसले असते.

आता तुम्हाला वाटत असेल, हाच तो गुन्हा. नाही. हा हातून झाला. पुढचा मी केला.

शनिवारी सचिवांनी बैठक बोलावली. त्या मुलीच्या वडिलांचं हाड मोडलं होतं, पालक चिडले होते, कुणीतरी जबाबदार हवं होतं. प्रश्न एकच होता: बारा ते चार यंत्र बंद का पडलं, आणि नेमकं गाडी सापडायच्या वेळी चालू कसं झालं? वाहतूकवाले सर म्हणाले, ‘वायर काढली असणार.’ आदल्या वर्षी एक नंबरच्या बसच्या ड्रायव्हरला त्यांनी तसंच पकडलं होतं. यंत्राची वायर काढून तो परतीच्या वाटेवर भाड्याची माणसं बसवायचा. त्यामुळे हे सगळ्यांच्या गळी लगेच उतरलं. वायर काढली, पोरांना घरी बसवून स्वतः कुठेतरी गेला, बोभाटा झाल्यावर परत जोडली. गोष्ट कशी चपखल बसली बघा! आणि तिच्यातला ‘परत जोडली’ हा भाग मी पुरवला होता, चार वाजून अकरा मिनिटांनी.

सचिव म्हणाले, ‘कंपनीला विचारा, खात्री करून घ्या.’ कंपनी एका वाक्यात सांगणार होती की मुदत संपली होती. मी झटक्यात म्हटलं, ‘मी बोलते सर त्यांच्याशी, माझी ओळख आहे.’ आणि सगळ्यांच्या देखत बाहेर जाऊन फोन केला. काय विचारलं असेन मी? मी विचारलं, ‘यंत्राची वायर कुणी काढली तर आमच्याकडे काय दिसतं?’ तिकडचा माणूस म्हणाला, ‘काही नाही, ठिपका थांबतो, जोडली की परत येतो.’ मी आत येऊन तेच सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता.

मग दत्तूभाऊंना बोलावलं. टोपी हातात घेऊन ते टेबलाच्या त्या टोकाला उभे राहिले. खुर्ची कुणी दिली नाही. मीही नाही.

‘सायेब, म्या वायरीला हात न्हाई लावला,’ ते म्हणाले. ‘पोरांपाशी व्हतो समदा येळ. घरी इचारा, पोरान्ला इचारा.’

सर म्हणाले, मुलांना वायरीचं काय कळतं. मग भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. भर बाजारात ओळखीचं माणूस दिसावं तसं.

‘ताई, तुमी बगा की तुमच्या कॉम्प्युटरात. तितं समदं दिसतं म्हनत्यात. वायर काडली का न्हाई ते दिसत आसंल ना तितं?’

दिसत होतं. लाल पट्टीची नोंद त्या पानावर तशीच होती, तारीख-वेळेसकट. लॅपटॉप माझ्यापुढे होता, बंद. माझा हात त्याच्या झाकणावर होता.

मी म्हटलं, ‘भाऊ, तिथे फक्त बंद आणि चालू एवढंच दिसतं.’

ते म्हणाले, ‘आसं व्हय,’ आणि मान खाली घातली. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. त्यांना वाटलं, यंत्रच कमी पडलं.

एक पालक म्हणाले, पोलिसांत द्या. मी पटकन म्हटलं, ‘नको, पोलीस नको, त्यांच्या घरादाराचा विचार करा.’ माझा आवाज कापत होता, सगळ्यांना ती कणव वाटली. पोलीस आले असते तर त्यांनी सगळे कागद मागितले असते. म्हणून नको म्हटलं मी. हे तुम्हाला सांगितलं नाही तर उगीच माझ्याबद्दल बरं मत करून घ्याल.

भाऊंना काढून टाकलं. ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर दोन दिवसांत त्यांचं नाव फिरलं: वायरवाला दत्तू. तळेगाव, वडगाव, कुठल्याच शाळेने त्यांना उभं केलं नाही. शेवटी आंबीला एका कंत्राटदाराकडे माल उतरवायच्या कामाला लागले. सतरा वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस खोकी उचलायला लागला.

मी काय केलं? पावतीचा कागद ऑफिसच्या फायलीतून काढून घरी आणला आणि गॅसच्या पुस्तकात ठेवला. फाडून का टाकला नाही, मला सांगता येत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. कंपनीचा माणूस यंत्र तपासायला आला की मी त्याच्यामागे सावलीसारखी फिरायची, दुसऱ्या कुणाशी बोलू द्यायची नाही, चहासुद्धा माझ्याच टेबलावर पाजायची. ईमेल आल्याचा तो ‘टिंग’ आवाज मी बंद करून टाकला. तरी ऐकू यायचा.

सर्वांत जास्त भीती गाडेकाकांची. त्यांनी तो मेसेज वाचला होता. दत्तूभाऊंचं त्यांच्या कानावर गेलं असणारच, वडगाव काही लांब नाही. महिन्याभराने ते ऑफिसात आले. काठी टेकत, नातवाला शाळा दाखवायच्या निमित्ताने. सगळ्यांशी बोलले. मग माझ्या टेबलाशी बसून खिशातून घडी केलेला कागद काढला. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला अर्ज: माझा मोबाइल नंबर शाळेच्या सर्व सेवांवरून काढून टाकावा. म्हणाले, ‘हे करून घे. मला आता नको ते मेसेज.’ सासूच्या गुडघ्यांबद्दल विचारलं नाही. मी वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते, आणि मी पुन्हा कागदाकडे बघितलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तो हात मला अजून जड वाटतो. ते कुणाला काही बोलले नाहीत. मला पुन्हा त्यांना फोन करायची गरज पडली नाही, आणि मी केलाही नाही. मागच्या वर्षी ते गेल्याचं कळलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहू? हायसं वाटलं. आधी हायसं, मग रडू.

ज्या वर्षी हे घडलं त्याच वर्षी, दिवाळीनंतर, दत्तूभाऊ घरी आले. दारात त्यांना बघून मला वाटलं, कळलं. त्यांच्या खांद्यावर पोतं होतं, नव्या इंद्रायणीचं. ‘ताई, त्या वक्ताला तुमी पोलिसाचं नको म्हनलात,’ ते म्हणाले. ‘लय उपकार झालं. न्हाईतर घरच्यांनी जीव सोडला आसता. घ्या, आपल्या वावरातला हाय.’ नवऱ्याने त्यांना आत बोलावलं, चहा दिला, पोतं स्वतः आत नेलं. भाऊ गेल्यावर म्हणाला, ‘चांगली माणसं राहिली नाहीत म्हणतात, पण बघ.’

तो तांदूळ आम्ही खाल्ला. चार-पाच महिने पुरला. शिजताना घरभर वास सुटायचा आणि मुलं ताट घेऊन आधीच येऊन बसायची. मी पण जेवले. घशाखाली उतरला नाही वगैरे काही नाही, उतरला.

या गोष्टीला तीन पावसाळे झाले. इथे थांबले असते तर ही जुनी चूक म्हणून सांगता आली असती. वेळ निघून गेली, आता काय करणार, असं म्हणता आलं असतं.

पण गेल्या महिन्यात फोन आला. तळेगावकडच्या एका शाळेचा, माझ्यासारख्याच ऑफिसातल्या बाईचा. त्यांना ड्रायव्हर हवा होता, दत्तूभाऊंनी अर्ज केला होता. ‘हात चांगला आहे म्हणतात,’ ती म्हणाली, ‘पण ते वायरीचं काहीतरी ऐकलं. खरंय का हो? आमच्या सरांना ते घ्यायचेत, फक्त तुमच्याकडून एक शब्द हवाय.’

ऑफिसात मी एकटी होते. सचिव बदलून दुसरे आलेत. ते वाहतूकवाले सर सोडून गेलेत. गाडेकाका नाहीत. ती शीटसुद्धा आता नाही, सगळं नव्या सॉफ्टवेअरवर गेलंय. बाईला माझं नावही धड माहीत नव्हतं. मी नुसतं ‘छे हो, काही नव्हतं ते, गैरसमज झाला होता’ म्हणायचं. माझा केससुद्धा वाकडा झाला नसता. पण त्या एका क्षणात मला वाटलं, हिने विचारलं तर? गैरसमज होता हे तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारलं तर? ती विचारणार नव्हती. कशाला विचारेल?

मी म्हटलं, ‘आमच्या रेकॉर्डला तसंच आहे.’

ती म्हणाली, ‘बरं झालं विचारलं,’ आणि तिने फोन ठेवला.

परवा रविवारी दत्तूभाऊंचा फोन आला. तब्येतीची चौकशी केली, मुलांची केली. मग म्हणाले, की त्या शाळेत काम व्हता व्हता राह्यलं. कुनीतरी काडी घातली. पाठ दुखती आता, खोकी उचलवत न्हाईत, म्हनून आस धरली व्हती. जाऊ द्या.

आणि मग, माझंच समाधान करावं तसं, म्हणाले, ‘तुमाला फोन आला आसंल ना, ताई? तुमी तरी चांगलंच सांगितलं आसंल.’

मी हो म्हटलं.